स्पीकरमागचा बोर्ड

सोलापूर, १२ मार्च

प्रिय बिरू,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझ्या दाजींचा केलास, आणि मी शाळेतल्या बाईंच्या फोनवरून लावला तर बिचाऱ्या त्यांचाही केलास. टपाल खात्याला ब्लॉक करता येत नाही, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. बेंगळुरूचा पत्ता सात रस्त्याच्या शिवयोगीने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. तो देतच नव्हता. मी त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर ठाण मांडून बसले, तेव्हा कंटाळून दिला.

पाकीट बघून तुझ्या मनात पहिलं काय आलं असेल ते मला कळतं. तसलं काही नाही. हे पत्र एका वायरीबद्दल आहे.

तू तुझं स्पीकरचं दुकान बंद केलंस तेव्हा डेमोचा सेट आणून हॉलमध्ये लावला होतास, तो अजून तिथंच आहे. दिवाळीच्या रंगाला हॉल रिकामा करताना मी तो सगळा सोडवला आणि नंतर माझ्या अकलेने पुन्हा जोडला. आवाज आला, मला वाटलं जिंकलं. पण एक बारीक काळी वायर हातात उरली. ब्लाऊज शिवून कापड उरलं तर आनंद होतो, वायर उरली की धडकी भरते.

पूर्वी रिमोटने टीव्हीखालचा रिसीव्हर लावला की ते दोन उंच स्पीकर आपोआप जागे व्हायचे. तू मला एकदा समजावलं होतंस, की त्यांच्या पोटातच अॅम्प्लिफायर आहे, वीज त्यांना वेगळी लागते, आणि रिसीव्हर सुरू झाला की त्याच्या मागच्या एका भोकातून त्यांना बारा व्होल्टचा इशारा जातो. ट्रिगर म्हणतात त्याला, असं तू म्हणाला होतास. रिसीव्हर झोपला की इशारा थांबतो आणि स्पीकरही झोपतात. तेव्हा मी नुसती मान हलवली होती. आता तो इशारा जात नाही. शिवयोगीच्या माणसाने येऊन स्पीकरच्या मागचे खटके 'चालू'वर सरकवून दिले, त्यामुळे ते फक्त भिंतीवरच्या बोर्डाने बंद होतात.

आणि बोर्ड कुठे आहे ते तुला माहीत आहे. उजव्या स्पीकरच्या मागे, फरशीपासून वीतभर वर. वायरी दिसू नयेत म्हणून तूच तिथं लावलास. आण्णा रोज दुपारी कुस्त्या बघायला बसतात. आधी त्या फटीत शिरून, वाकून बटण दाबतात. कुस्त्या संपल्या की पुन्हा वाकून बंद करतात. त्या वेळी मी शाळेत असते. त्यांनी वाकू नये असं मला वाटतं. का, ते विचारू नकोस. वय झालंय, एवढंच समज.

बोर्ड वर घ्यायला मी इलेक्ट्रिशियन बोलावला होता. आण्णांनी त्याला दारातूनच परत पाठवला. "बिरूनं लावलंय त्ये. कुनी हात लावायचा न्हाय," म्हणाले. वर्षभरात तुझं नाव त्यांच्या तोंडून मी तेवढंच ऐकलं.

तू का बोलत नाहीस ते मी विसरलेले नाही. बजाआत्तीने तुला फोन केला, "तुजा बा गुंडा सिरियस हाय, तोंड बघायचं आसंल तर ये." वर सलाइन लावलेल्या हाताचा फोटो. तोच फोटो मलाही आला होता. तेव्हा माझी इथं बदली झाली नव्हती, मीही करमाळ्याहून डोळे पुसत आले होते. आणि घरात बघतो तर आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, नातेपुत्याचे पाहुणे, त्यांची मुलगी, आणि पोह्यांच्या बश्या. दुसरं काही करून तू मुलगी बघायला येत नाहीस, म्हणून आत्तीची ही शक्कल, आणि आण्णांची तिला मान्यता. फोटोतला हात कुणाचा होता ते अजून कळलेलं नाही. तू बॅग खांद्यावरून न उतरवता म्हणालास, "आता खरंच मेलात तरी येणार न्हाय," आणि गेलास. मी तुला त्या दिवशी काही बोलले नाही, आज तरी काय बोलू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तेव्हा आण्णांबद्दल मी काही लिहीत नाही. तू मला फक्त एवढंच सांग, ती वायर कुठून कुठं जाते.

तुझी,
अक्का


सोलापूर, २४ मार्च

प्रिय बिरू,

पाकीट मिळालं. मायना नाही, नमस्कार नाही, खाली नावसुद्धा नाही. आपलं लाईट बिलही 'प्रिय ग्राहक' म्हणतं रे. तरी चित्र मात्र तू इतकं नीट काढलं आहेस, की मी ते दोनदा उघडून बघितलं. बाण, भोकं, सगळं. तुझं अक्षर बघून बरं वाटलं.

तू लिहिल्याप्रमाणे केलं. उरलेल्या काळ्या वायरीचं एक टोक तुटलेलं निघालं, म्हणून शिवयोगीकडून नवी आणली, पण तिच्या पिनेला दोन रेघा होत्या, ती कानातल्या हेडफोनची निघाली. ती परत करून एकच रेघ असलेली आणली. रिसीव्हरच्या मागे 'ट्रिगर आउट'मध्ये घातली, तिची दोन तोंडं दोन्ही स्पीकरला दिली. स्पीकरच्या मागचे खटके 'चालू'वरून 'ट्रिगर'वर आणले. टीव्हीवर रिसीव्हरचा मेनू उघडून ट्रिगर 'मेन झोन'ला, म्हणजे आपल्या हॉलला, जोडला. हे करताना चुकून भाषा जर्मन झाली, ती परत आणताना माझा जीव गेला, पण ती गोष्ट वेगळी.

आणि चाललं! मी रिमोट दाबला, रिसीव्हर लागला, आणि मागोमाग दोन्ही स्पीकरचे तांबडे दिवे निळे झाले. आण्णा खुर्चीत होते. त्यांनी एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे. "आपोआप उठत्यात?" म्हणाले. मी म्हटलं, व्हय, आता वाकायचं काम नाही. रिमोटने बंद केलं की हेही बंद. "बरं," म्हणाले.

पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी शाळेतून येऊन बघते तर सगळं मेलेलं. रिमोट दाबला तरी रिसीव्हरसुद्धा ढिम्म. आण्णांना विचारलं, तुम्ही काही हात लावला? "न्हाय," म्हणाले, "मला तर चालतंय की." मी बोर्ड बघितला, सगळी बटणं होती तशी होती. माझं कुठेतरी चुकलंय हे नक्की. वायर ढिली असेल का? तापल्यावर रिसीव्हर आपणहून बंद पडतो का? उन्हाळा असा आहे की दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही. लवकर कळव.

काल मी अर्धी रजा टाकून आण्णांना एके ठिकाणी घेऊन गेले होते. तिथं जिना होता. आण्णा मध्येच पायरीवर बसले आणि म्हणाले, "तू हो म्होरं, मी बसतो जरा." ज्या माणसाने एसटीत ड्रायव्हर असताना पंक्चरचं चाक एकट्याने बदललं, तो माणूस. जाऊ दे. मी काय लिहायला बसले आणि काय लिहितेय.

वायरीचं मात्र लवकर कळव.

तुझी,
अक्का


सोलापूर, ५ एप्रिल

प्रिय बिरू,

तुझं दुसरं पत्र तीन ओळींचं आहे आणि ते वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले. तू लिहितोस, "वायर बरोबर आहे. सेट वायफायवरून माझ्या मोबाईलमध्ये दिसतो. रोज दुपारनंतर तो दिसायचा बंद होतो, म्हणजे बटणं चालू दिसली तरी आण्णा मागचे प्लग काढत असणार. स्पीकरना इशारा कळायला वीज चालू हवी, तांबडा दिवा जळत राहायला हवा."

तर माझ्या नाकाखाली हे चाललं होतं. मी त्यांना समोर बसवून विचारलं. आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, बोर्डाचं बटण चालू ठेवतो आणि मागचे प्लग काढून ठेवतो. म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त वाकणं! का, म्हटलं. तर म्हणतात, "लाल लाईट जळतीया न्हवं? मग करंट खातीया. गाडी डेपोत लावली की मेन काढायचा, न्हायतर सकाळी बॅटरी उतरलेली आसती." म्हटलं, ही बस नाही. "सवय हाय," म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

बिरू, आता मी ते लिहिणार आहे जे लिहायचं नव्हतं. आण्णांनी मला आईची आण घातली आहे, की त्यांच्या दुखण्याचा शब्दही तुला कळवायचा नाही. आईने या माणसाबरोबर आयुष्य काढलं, ती मला समजून घेईल.

आण्णांच्या हृदयाची एक झडप आखडली आहे. फेब्रुवारीत ते त्या स्पीकरच्या मागे वाकले आणि उठताना चक्कर येऊन तिथंच पडले. मी आले तेव्हा स्पीकरला धरून बसलेले होते. कपाळाला खोक. मला म्हणाले, शिंक आली. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करायचं, झडप बदलायची, आणि तोवर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, जिना नको. वाकून उठताना पुन्हा तसं झालं तर तिथंच काही होऊ शकतं, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. म्हणून ती वायर. दुसरं काहीही नाही.

आण्णा ऑपरेशनला तयार नाहीत. तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे, पण ते सहीच करत नाहीत. मी विचारलं, बिरूला बघायचंय का? रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाले, "लई वाटतंय. पन माजं दुखनं सांगून त्याला बोलवायचं न्हाय. एकदा खोटं सांगून बोलवलाय मी त्याला. आता खरं सांगायला तोंड न्हाय."

ऐकलंस? तेच आता बोलवत नाहीत.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. मी तुला रिपोर्टचा फोटो पाठवू शकते, पण फोटो त्या वेळीही आला होता. डॉक्टरांशी बोलायला लावू शकते, पण फोनवरचा माणूस डॉक्टरच आहे कशावरून? आत्तीने तेही केलं असतं. मी बसून बसून विचार केला, असं काय पाठवावं जे खोटं ठरूच शकत नाही. असं माझ्याकडे काहीही नाही. मेंढरं राखणाऱ्यांची आपली जात, 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट आपल्याला कुणी वेगळी शिकवायला नको होती.

म्हणून फक्त माझा शब्द. मी तुझ्याशी आजवर खोटं बोललेले नाही. ये.

अक्का


सोलापूर, १६ एप्रिल

बिरू,

आज तुझं पाकीट आलं. मी ते पोस्टमनसमोरच फाडलं. आत एक कागद, त्यावर तीन शब्द. "अक्का, तू पण?"

पोस्टमन विचारत होता, बाई, बरं आहे ना सगळं? मी हो म्हटलं आणि दार लावून घेतलं.

तुझा राग मला येत नाही असं नाही. येतो. इतका येतो, की मी रागाने भांडी घासली आणि कढईचा कान तुटला. एक बहीण, जिने तुला कडेवर घेऊन जत्रा दाखवली, तिच्या शब्दाला तू त्या सलाइनच्या फोटोच्या पंगतीला बसवलंस. पण भांडी घासून झाल्यावर मी विचार केला, की तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं. मीही तेच लिहिलं असतं कदाचित. हे कळल्यावर तर मला जास्तच भीती वाटली. कारण मग तू येण्याचा काही मार्गच उरत नाही.

आण्णांना मी तुझ्या उत्तराचं सांगितलं नाही. मी तुला काय लिहिलं हेही त्यांना माहीत नाही.

इकडचं असं आहे. मी त्यांच्याशी तह केला आहे. सकाळी शाळेला जाताना बोर्ड मी चालू करते. दुपारी ते रिमोटने कुस्त्या लावतात, स्पीकर तुझ्या वायरीने आपोआप जागे होतात, संपल्यावर आपोआप झोपतात. तांबडा दिवा मी येईपर्यंत जळतो. मी आले की चप्पल काढायच्या आधी जाऊन बोर्ड बंद करते. "गाडी डेपोत लागल्यावरच मेन काढायचा, वाटेत न्हाय," असं मी त्यांच्याच भाषेत पटवलं. त्यावर ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

तह टिकलाय असं मला वाटतं. पण खात्री नाही. शाळेत पाढे घेताना माझं लक्ष नसतं. 'सात सत्ते' म्हणताना मध्येच मला दिसतं, की कुस्त्या संपल्या, हलगी थांबली, आणि आण्णा त्या तांबड्या दिव्याकडे बघत बसलेत. माणूस आयुष्यभर जे हाताने करत आला ते न करता तीन-चार तास कसा बसेल? मधल्या सुट्टीत मी शेजारच्या दानम्माकाकूंना फोन करते. त्या खिडकीतून डोकावून सांगतात, "बसल्यात बघ खुर्चीत, काळजी करू नको." त्या कन्नडमध्ये त्यांनाही काहीतरी दटावतात. तरी दुसऱ्या तासाला मी पुन्हा फोन हातात घेतेच.

एक गोष्ट मात्र तुला विचारायची राहिली. तू आम्हा सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेस, आणि तो सेट मोबाईलवर ठेवलास. रोज दुपारी तो चालू होतो आणि बंद होतो, हे तुला वर्षभर दिसत होतं. म्हणजे आण्णा खुर्चीत बसले की तुला कळत होतं. तू ते रोज बघत होतास ना? मी तुझ्यावर आरोप करत नाही. मला ते वाचून बरं वाटलं होतं, एवढंच सांगायचंय.

येऊ नकोस म्हणणार नाही, ये असंही पुन्हा म्हणणार नाही. जितकं म्हणेन तितकं ते खोटं वाटेल.

अक्का


सोलापूर, २२ एप्रिल
हॉस्पिटल, दुसरा मजला

बिरू,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू या भिंतीपलीकडे आहेस. आत एकालाच सोडतात आणि सिस्टरने मला बाहेर काढलं आहे. माझ्या पर्समध्ये शाळेच्या पेपरचे कोरे कागद होते, आणि हात थांबत नाहीत म्हणून लिहिते. समोर बसून तुला हे सांगायला गेले तर रडेन, आणि इथं रडणाऱ्या बायका आधीच पुष्कळ आहेत.

परवाचं तुला नीट सांगितलं नाही, घाईत तुटक बोलले. मी शाळेतून आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. टीव्ही बंद. खुर्ची रिकामी. ते उजव्या स्पीकरच्या मागे पडले होते, एक हात बोर्डाच्या दिशेने. बटणापर्यंत हात पोचलाच नव्हता. माझा तह ते रोजच मोडत होते, की त्या दिवशी पहिल्यांदाच मोडायला गेले, देव जाणे. मी हाक मारली तर डोळे उघडले आणि म्हणाले, "रागावू नको." मी त्यांना रागावले नाही. दानम्माकाकूंचा मुलगा प्रभु रिक्षा घेऊन आला. आम्ही त्यांना तसंच उचललं. घराला कुलूप कुणी लावलं तेही मला आठवत नाही, मोबाईल ओट्यावर राहिला, आणि बोर्डाकडे तर कुणी बघितलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, आता पुढच्या महिन्याची वाट बघता येणार नाही. मी तुला कळवायचं ठरवलं आणि मग नाही कळवलं. काय कळवणार? "बिरू, या वेळी खरंच" असं लिहू? त्या चार शब्दांची मलाच लाज वाटली.

आणि आज दुपारी तू या दारात उभा. बॅग नाही, दाढी वाढलेली, डोळे लाल. मी उठले तर तू हाताने थांब म्हणालास. घराला कुलूप बघून दानम्माकाकूंना विचारलंस, आणि इथं खाली काउंटरवरही विचारून आलास, हे तू नंतर सांगितलंस. 'गुंडा नावाचे पेशंट खरंच आहेत का,' असं त्या मुलीला विचारलंस म्हणे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी म्हटलं, तुला कसं कळलं? तू भिंतीला टेकून सांगितलंस ते मी इथं जसंच्या तसं लिहून ठेवते.

"सेट संध्याकाळी बंद झाला न्हाय, अक्का. रात्री न्हाय, सकाळी पन न्हाय. तू एखाद्या दिवशी विसरशील. आण्णा विसरनार न्हाईत. आण्णा घरात आसताना त्यो बोर्ड रात्रभर चालू राहूच शकत न्हाय. मग आण्णा घरात न्हाईत. मग कुटं हाईत?"

मी म्हटलं, फोन करायचास. तर तू म्हणालास, "फोनवर पुन्हा कुनीतरी कायतरी सांगितलं आसतं. मला ऐकायचं नव्हतं. बघायचं होतं."

मी इतकी पत्रं लिहिली. आण घातलेली मोडली, गयावया केली, भांडी घासत तुझ्याशी भांडले. आणि तू कशावर विश्वास ठेवलास, तर आमच्या हातून बंद करायच्या राहिलेल्या एका बटणावर. असू दे. आलास.

आता खरी गोष्ट. तू आत गेलास तेव्हा मी पडद्याला धरून उभी होते, तुम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हतं. आण्णांनी डोळे उघडले. तुला त्यांनी लगेच ओळखलं. तोंडावरचा मास्क त्यांनी बाजूला केला. मला वाटलं आता तुझं नाव घेतील, किंवा चुकलं म्हणतील, किंवा रडतील. पण ते आधी घाबरले. खरंच घाबरले, बिरू, चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मी आण मोडली असं त्यांना वाटलं असणार, किंवा आत्तीने पुन्हा काही केलं असं. त्यांनी विचारलं,

"कुनी बोलवलं तुला?"

तू त्यांचा मास्क नीट बसवलास, त्याची दोरी कानामागे घेतलीस, आणि म्हणालास,

"कुनीच न्हाय. माजा मी आलोय."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. खांदे हलत होते. सिस्टर धावत आली आणि तिने सगळ्यात आधी मला हाकललं.

मघाशी सिस्टर बाहेर येऊन ऑपरेशनच्या कागदावर सही मिळाल्याचं सांगून गेली. उद्या सकाळी पहिला नंबर त्यांचाच आहे. मी विचारलं, सही कुणी केली? ती म्हणाली, पेशंटनेच, आणि मुलाला पेन धरायला लावलं होतं.

उद्याचं काय, ते मला विचारू नकोस. रात्री आत कोण थांबणार यावरून आपण भांडू नये, तूच थांब. मी इथं बाकड्यावर आहे. काही लागलं तर हाक मार.

अक्का